खुळ्या शेजाराची थोरवी

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खलक्षणांनी केली आणि शेवट पढतमूर्खाच्या लक्षणांनी. मूर्खपणाची इतकी शिस्तशीर नोंद मराठीत दुसरी नाही. त्याची स्तुती करायचं काम मात्र आपल्याकडे राहून गेलं. युरोपात ते इरॅस्मस नावाच्या डच पंडितानं १५०९ साली केलं, लंडनला मित्राच्या घरी मुक्कामाला असताना. मित्र म्हणजे थॉमस मोर. त्या घरात तेव्हा मोरची लहान लहान लेकरं होती, आणि मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. लेकरांच्या घरात राहिलेल्या माणसालाच मूर्खपणाची खरी किंमत कळते.

मला जो मूर्खपणा वाखाणायचा आहे तो वर्धा जिल्ह्यातला आहे. लहान मुलं असलेल्या घरांचे शेजारी तो रोज सकाळपासून रात्रीपर्यंत करतात. आपल्या पोटच्या नसलेल्या पोराला भरवतात, नाक पुसतात, रागावतात, मांडीवर झोपवतात आणि याची कुठेही नोंद ठेवत नाहीत. हिशेबाच्या कुठल्याही पद्धतीनं पाहिलं तर हा व्यवहार तोट्याचा आहे. म्हणून त्याला खुळेपणाच म्हणायचं, आणि तो खुळेपणा आहे हे कबूल करूनच त्याची थोरवी सांगायची.

वर्धा हे मुळातच शेजाऱ्यांचं गाव. १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा काढला तेव्हा मुख्य ठिकाण पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. १८६६ मध्ये ते पालकवाडीला हलवलं आणि तिथे नवं शहर आखलं. आधी रस्ते आखले, माणसं मागून आली. पुढच्याच वर्षी मुंबईची रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. कापूस आला, कचेऱ्या आल्या, मग आश्रम, दवाखाने, कॉलेजं आणि हिंदीचं विद्यापीठ. आजही नालवाडी, म्हसाळा, पिपरी मेघे, सिंदी मेघे इथल्या कोणत्याही लेआउटमध्ये जा. एका ओळीत यवतमाळकडचे मास्तर, भंडाऱ्याहून आलेल्या नर्सबाई, पोरांच्या शाळेसाठी आर्वीकडचं घर सोडून इथे राहणारे शेतकरी, रेल्वेतले, बँकेतले. कुणाची आजी शेजारच्या खोलीत नाही, कुणाचं आजोळ दोन गल्ल्या सोडून नाही. ज्याला स्वतःचं मूल वाढवायला नात्याचं एकही माणूस जवळ नाही, त्यानं काय करावं? शहाणपण सांगतं, पगार देऊन बाई ठेवा, फाटक लावून घ्या, दुसऱ्याचं घेऊ नका म्हणजे द्यावंही लागणार नाही. सल्ला पक्का आहे. आमच्या गल्लीनं तो कधी मानला नाही.

वाटीपासून सुरुवात करू, कारण मूल रांगायला लागण्याआधी वाटी रांगायला लागते. कढीगोळ्यांची वाटी समोरच्या घरी गेली की ती रिकामी परत येत नाही. दोन दिवसांनी तिच्यात सांभारवडी येते, नाहीतर बागेतली चार लिंबं, आणि काहीच नसलं तर साखर. मग ती वाटी पुन्हा जाते. कुणाच्या घरात कुणाच्या किती वाट्या आहेत हे कुणाला सांगता येत नाही. लग्नात भांड्यांवर नाव कोरून घ्यायची पद्धत होती ती बहुधा याचसाठी, पण आमच्याकडे नाव वाचूनही वाटी परत करायची घाई कोणी करत नाही.

हे खूळ फक्त आपलंच नाही. नायजेरियात टिव नावाचे लोक राहतात. लॉरा बोहॅनन या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ त्यांच्या वस्तीत राहायला गेल्या. तिथल्या अनुभवांवरचं त्यांचं पुस्तक १९५४ मध्ये टोपणनावानं निघालं. वस्तीत पोचल्याबरोबर शेजारणी काही ना काही आणून देऊ लागल्या. कणसं, टोमॅटो, मूठभर शेंगदाणे. याची फेड कशी करायची हेही त्यांना तिथल्या बायांनीच शिकवलं. परत द्यायचं, पण बरोबर तेवढंच द्यायचं नाही. थोडं कमी द्यायचं किंवा थोडं जास्त. तंतोतंत तेवढंच दिलं तर त्याचा अर्थ असा होतो की हिशेब मिटला, आता तुमचा आमचा संबंध राहिला नाही. हे वाचल्यावर मला आमच्या शेजारच्या आजी आठवल्या. दूध नासलं म्हणून त्यांच्याकडून पेलाभर दूध आणलं आणि संध्याकाळी पेलाभर परत नेलं, तर त्या खरोखर दुखावल्या. म्हणाल्या, "आपल्यात असं असते का, बाई?" त्यांनी बोहॅननबाईंचं नाव ऐकलेलं नाही. टिव बायांनी वर्ध्याचं ऐकलेलं नाही. दोन्हीकडच्या बायांना एकच गोष्ट ठाऊक आहे: हिशेब मिटू द्यायचा नाही.

मूल या न मिटलेल्या हिशेबातच वाढतं. उन्हाळ्यात हे डोळ्यांनी दिसतं. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, नवतपा लागला की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पोरांना मात्र ऊन कळत नाही. तेव्हा गल्लीतल्या एका घरी, जिथे मोठा कुलर आहे, सगळी पोरं दुपारी जमा होतात. सतरंजीवर आडवीतिडवी पडतात. कोणी अंगठा चोखत, कोणी दुसऱ्याच्या पोटावर पाय टाकून. ओल्या ताट्यांच्या वासात दोन तास झोप होते. विजेचं बिल त्या एका घराला येतं. टाकीत पाणी त्या घरच्या काकू भरतात, आणि तेही नळाला एक दिवसाआड पाणी असताना. कोणी पैसे देऊ केले नाहीत असं नाही. पण काकूंच्या तोंडाकडे पाहून दुसऱ्यांदा ते बोलायची कुणाची छाती झाली नाही. आपल्या मुलाला काकूंकडे झोप लागते, घरी लागत नाही, हे एका आईनं मला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

त्याच दिवसांत वाळवण असतं. गव्हाचा चीक शिजवायला पहाटे चारला उठायचं, ऊन चढायच्या आत कुरडया घालून मोकळं व्हायचं. हे एकट्या बाईचं काम नाही, कधीच नव्हतं. आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या. कोण कुणाकडे किती वेळा गेली याची वही नाही. पोरांना राखणीला बसवायचं. ही राखण म्हणजे साधारण असं की कावळ्यांनी खाल्लं असतं त्याच्या दुप्पट पोरं खातात. उडदाच्या लाट्या तेलात बुडवून, ओल्या कुरडया, अर्धवट वाळलेल्या शेवया. सगळ्या बायांना हे माहीत असतं, म्हणून चीकच जरा जास्तीचा शिजवतात. बाजारात बांधलेल्या पुड्या मिळतात, स्वस्तही पडतात. घेणारे घेतात, त्यांच्याशी भांडण नाही. पण बाजारातल्या पुडीला राखण लागत नाही, आणि राखण नसेल तर पाच वर्षांच्या पोराला गल्लीत काही कामच उरत नाही. त्याला काम हवं असतं. आपल्यावाचून काहीतरी अडतं हे त्याला कळायला हवं असतं.

रागावण्याचा हक्क हा या खुळाचा गाभा आहे. समोरचे मामा रिटायर झालेले आहेत, पेपर घेऊन दारात बसतात. माझा मुलगा सायकल घेऊन मोठ्या रस्त्याकडे वळला की ते तिथूनच ओरडतात, "काऊन रे पोट्ट्या, कुठं चालला?" पोरगा जागच्या जागी थांबतो. माझ्या हाकेला तो असा थांबत नाही. संध्याकाळी मामा मला सगळं सांगतात, पण रागावलो म्हणून वाईट वाटून घेऊ नका असं काहीही म्हणत नाहीत, कारण वाईट वाटायचं त्यात काही आहे हे त्यांना सुचतही नाही. मला ते फार मोलाचं वाटतं. दुसऱ्याच्या मुलाला रागवायला आज माणसं घाबरतात. काय सांगावं, आईबाप भांडायला येतील. म्हणून सगळे गोड बोलतात आणि मूल रस्त्यावर जातं.

जेन जेकब्स यांनी १९६१ साली शहरांवर एक मोठं पुस्तक लिहिलं. त्यात न्यूयॉर्कच्या त्यांच्या गल्लीतल्या कुलूपवाल्याची गोष्ट आहे. त्यांचा मुलगा रस्त्यात धावत गेला, कुलूपवाल्यानं त्याला चांगलंच झापलं, आणि पुढे मुलाचा बाप दुकानावरून जाताना त्याला तेही सांगितलं. जेकब्स यांचं म्हणणं असं की तो मुलगा रस्त्याच्या नियमापेक्षा मोठं काहीतरी शिकला. आपल्याशी रक्ताचं नातं नाही, मैत्री नाही, पगाराचा संबंध नाही, तरी एक माणूस आपली जबाबदारी घेतो, हे त्याला कळलं. हा धडा पगारी माणूस शिकवू शकत नाही, कारण त्याला त्याचेच पैसे मिळतात. आईबापही शिकवू शकत नाहीत. तो शेजाऱ्यालाच शिकवता येतो. म्हणून मामांचं ओरडणं मी शाळेच्या कोणत्याही तासापेक्षा वरचं मानते.

यावर शहाण्यांचा एक आक्षेप खरा आहे आणि तो मी हलका करणार नाही. मूल दुसऱ्याच्या घरी सोडणं ही जोखीम आहे. वाईट माणसं असतात, आणि ती ओळखीचीच असतात. पण बंद दार हा त्यावर उपाय नाही. जिथे दहा दारं उघडी आहेत, जिथे मूल कुठल्याही काकूला काहीही येऊन सांगू शकतं आणि काकू ते ऐकून घेतात, तिथे वाईटाला लपायला जागा कमी मिळते. मुलाला दोन कान पुरत नाहीत. त्याचं ऐकायला गल्लीभर कान लागतात.

सारा हर्डी या मानववंशशास्त्रज्ञांनी २००९ च्या पुस्तकात हेच फार मागे नेऊन ठेवलं आहे. माणसाचं मूल इतकी वर्षं दुसऱ्यावर अवलंबून असतं की एकटी आई ते वाढवूच शकली नसती. आजी, मावशी, मोठी बहीण, नात्याबाहेरच्या बाया यांच्या हातांवर माणूस ही जात तगली. मध्य आफ्रिकेतल्या एफे लोकांत तान्हं बाळ दिवसभर या हातातून त्या हातात फिरत असतं. आमच्याकडेही बाळंतिणीच्या घरी बाळ पाहायला आलेली बाई हात धुऊन पहिलं काम बाळ उचलून घ्यायचं करते.

आता तान्ह्या पोळ्याकडे येऊ. विदर्भाबाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवं: श्रावणी अमावास्येला बैलांचा पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी मुलांचा. बैल राबतात, म्हणून त्यांचा सण समजतो. खांदशेकणी होते, जेवणाचं आवतण दिलं जातं, तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्या म्हटल्या जातात. पण दुसऱ्या दिवशी पोरं लाकडाचे नंदी घेऊन निघतात. त्यांना चाकं असतात, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरू. हा नंदी नांगर ओढत नाही, वखर ओढत नाही, त्यालाच दोरीनं ओढावं लागतं. अडीच वर्षांचं पोर असेल तर बापाला पोरासकट ओढावं लागतं. असा बैल दारात आला की घरातली बाई आरतीचं ताट घेऊन बाहेर येते, त्याचे पाय धुते, कपाळाला गंध लावते, ओवाळते आणि पोराच्या हातावर बोजारा ठेवते. पूर्वी चार आणे, आठ आणे, आता दहाची नोट, वर चॉकलेट किंवा गोरसपाक. गोरसपाक ही वर्ध्याची खास वस्तू, गोरस भंडारातली, तुपातली, आणि कुठल्याही पोराच्या मुठीत ती दोन मिनिटांत चुरा होते.

नागपूरकर भोसल्यांच्या काळात ही प्रथा सुरू झाली असं सांगतात. आमच्या जिल्ह्यात सेलू तालुक्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा सगळ्यात मोठा. तिथे मोठमोठे लाकडी नंदी रस्त्यावर येतात, देखावे असतात, गाव लोटतं. पण मला स्तुती करायची आहे ती गल्लीतल्या लहान पोळ्याची. त्यातल्या व्यवहाराकडे नीट पाहावं. माझ्या पोराला तुम्ही दहा रुपये देता, तुमच्या पोराला मी दहा रुपये देते. शहाणा म्हणेल, मग आपापले दहा आपल्याच पोराला द्या आणि घरी बसा. पण ते दहा रुपये घेण्यासाठी पोराला दारोदार जावं लागलं. प्रत्येक दारात थांबावं लागलं, नाव सांगावं लागलं, पाया पडावं लागलं. वर्षभर ज्या घराचं फाटक त्यानं उघडलं नव्हतं तेही त्या दिवशी उघडलं. ज्यांना मुलं नाहीत, ज्यांची मुलं पुण्याला किंवा परदेशी आहेत, त्या घरांत त्या दिवशी सकाळपासून सुटे पैसे काढून ठेवलेले असतात. आमच्या कोपऱ्यावरच्या घरी एकटे आजोबा असतात. त्यांच्याकडे पोरं शेवटी जातात, कारण ते प्रत्येक नंदीची चौकशी करतात. किती दूध देते रे तुझी गाय, असं मुद्दाम विचारतात. मग पोरं ओरडतात, गाय नाही, बैल आहे. हे दरवर्षी होतं आणि दरवर्षी पोरं तितकीच जीव तोडून ओरडतात.

नंदी विकत आणणारी घरं आता बरीच आहेत. पण गल्लीत दोन-तीन नंदी फिरते आहेत. ज्याचं पोर मोठं झालं त्यानं खालच्या पोराला दिला. एकाचं शिंग तुटलं, दुसऱ्या घरच्या भाऊंनी सागाच्या तुकड्यातून नवं बसवलं. तिसऱ्या घरी रंग दिला. तो नंदी नेमका कुणाचा, याचं उत्तर गल्लीत कुणाकडे नाही.

शारदीय दिवसांत मुलींची भुलाबाई बसते. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. डबा कानाशी धरून हलवायचा. शेजारच्या घरात दुपारपासून तळणाचा वास सुटलेला असतो, तरी सगळ्या जणी मोठ्या गंभीरपणे आधी चुकीची नावं घेतात. घरच्या बाईला इतक्यात हरवायचं नाही, हे सहा वर्षांच्या पोरीला कोणी शिकवलेलं नसतं. आता यात मुलगेही घुसतात, आणि ते बरंच झालं.

आणि हे सगळं लिहिताना एक गोष्ट लपवता येत नाही. आपल्या शेजाराला पूर्वापार कुंपण होतं, आणि ते जातीचं होतं. वाटी काही दारांपर्यंत जायची आणि काही दारांपाशी थबकायची. याच वर्ध्यात १९२८ साली जमनालाल बजाजांनी आपलं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी उघडलं तेव्हा ती देशभर गाजलेली गोष्ट ठरली, यावरूनच बाकीची दारं किती घट्ट होती ते कळतं. सगळी अजून उघडलेली नाहीत. पण लहान मूल या बाबतीत पूर्ण खुळं असतं. कुणाच्या घरी जेवायचं नाही हे त्याला शिकवल्याशिवाय कळत नाही. आमच्या गल्लीतल्या एका जुन्या वळणाच्या घरात ते शिकवायचा विचार चालू होता, तेवढ्यात नातू जेवून आला. तोंडाला वरण लागलेलं, आणि उद्या पुन्हा बोलावलं आहे म्हणून सांगतो. मग दुसऱ्या दिवशी त्या घरातून वाटी गेली. रिकामी कशी पाठवणार? मोठ्यांच्या शहाणपणानं ज्या घरी पिढ्यान्पिढ्या पाऊल टाकलं नव्हतं तिथे पोराच्या भुकेनं टाकलं. या खुळेपणापुढे मी हात जोडते.

सेवाग्राम आमच्यापासून सात-आठ किलोमीटरवर. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी तिथे आले तेव्हा त्याचं नाव शेगाव होतं. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायला लागला म्हणून १९४० मध्ये सेवाग्राम झालं. त्यांचा विचार खेड्यात एकट्यानं राहायचा होता. झालं उलटंच. पहिल्या घरात, आदि निवासात, एका मोठ्या खोलीत किती तरी माणसं राहू लागली, आणि नंतर एकेक झोपडी वाढत गेली. त्यातली एक परचुरे शास्त्रींची. संस्कृतचे मोठे पंडित, कुष्ठरोगानं गांजलेले. कुष्ठरोग्याला गावाबाहेर घालवणं हाच तेव्हाचा सर्वमान्य शहाणपणा होता. गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ जागा दिली आणि रोज स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश केलं. आज आश्रम पाहायला गेलेली मुलं बापूंची काठी, टेलिफोनची खोली पाहतात. मी माझ्या मुलांना आधी परचुरे कुटी दाखवते. हे बापूंचे शेजारी होते, एवढंच सांगते.

लहान मुलांच्या शिक्षणाचा विचारही इथेच शेजारापर्यंत पोचला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, नई तालीम या गांधीजींच्या शिक्षणयोजनेची मांडणी झाली, आशादेवी आणि आर्यनायकम यांनी ती सेवाग्रामला रुजवली. पण ती योजना सात वर्षांपुढच्या मुलांची होती. १९४५ च्या सेवाग्राम परिषदेनंतर तिचा पैस आयुष्यभराचा झाला आणि सात वर्षांखालच्या मुलांसाठी पूर्वबुनियादी आली. त्याच वर्षी तिकडे कोकणपट्टीत बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम सुरू केलं. शाळेत न येणाऱ्या मुलांसाठी शाळाच अंगणात न्यायची ही ताराबाईंची युक्ती. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोचलं. सरकारी योजनांत अंगणाला जागा मिळाली ती अशी. ताराबाईंनी अंगण निवडलं कारण तिथे आधीपासून मुलं होती आणि त्यांच्याकडे लक्ष ठेवणारी माणसं होती.

सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९६९ पासून मुलं डॉक्टर होतात. तिथल्या नव्या विद्यार्थ्यांना आधी आश्रमात राहावं लागतं, मग एका खेड्यात मुक्काम करावा लागतो, आणि प्रत्येकाच्या वाट्याला तिथली काही कुटुंबं येतात. एमबीबीएसच्या अभ्यासात शेजारीपण शिकवायचं हे ज्यांना सुचलं त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो. अंगणात खेळणारं पोर आज का निजून आहे, हे शेजाऱ्यासारखं दिसायला लागलं की तपासणी अर्धी झालेली असते.

शेजाराची खरी परीक्षा वाईट दिवसांत असते. कापसाचा हा जिल्हा आहे, आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांत पश्चिम विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांची नावं एकत्र घेतली जातात त्यांत वर्धा आहे. ज्या घरातला कर्ता जातो त्या घरात चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकर घेऊन जातात. याबद्दल पुष्कळांनी लिहिलं आहे. त्या घरातल्या लहान मुलांचं त्या दिवशी काय होतं हे फारसं कोणी लिहीत नाही. त्यांना शेजारची बाई आपल्या घरी घेऊन जाते. आपल्या पोरांबरोबर जेवायला बसवते, अंघोळ घालते, वेणी घालून देते, आणि जमेल तर शाळेतही पाठवते. ते पोर हसलं तर तिला वाईट वाटत नाही, उलट बरं वाटतं. किती दिवस ठेवायचं हे ठरलेलं नसतं. विचारलं तर म्हणेल, "राहू दे न, लेकराले काय कळते?" लेकराला सगळं कळतं. तिलाही ते ठाऊक असतं. म्हणूनच तर तिनं त्याला नेलेलं असतं.

या खुळेपणाची किंमत शेवटी मोजावी लागते. वर्धा बदल्यांचं गाव आहे. मे-जूनमध्ये ट्रक उभा राहतो, पलंग सुटा होतो, कुलर गोणपाटात गुंडाळला जातो. ज्या काकूंनी पोराला पहिला घास भरवला त्या चंद्रपूरला किंवा अकोल्याला निघून जातात. शहाणा म्हणतो, जाणाऱ्यांना इतका जीव लावू नये. माझ्या मुलीनं अशा एका काकूंसाठी ताप काढला होता. डॉक्टरांनी व्हायरल म्हणून औषध दिलं, ते घेतलंही. पण तिला बरं वाटलं ते व्हिडिओ कॉलवर काकूंनी जेवलीस का विचारून तिच्या समोर स्वतः जेवून दाखवलं तेव्हा. तिला कमी जीव लावायला शिकवावं असं मला एकदाही वाटलं नाही. चार वर्षांच्या वयात आईबापांपलीकडच्या माणसासाठी रडता आलं, ही तिची कमाई आहे. ती तिच्याजवळ राहणार आहे.

मधल्या घरी आता नवं बिऱ्हाड आलं आहे, गोंदियाकडचं. दीड वर्षाचं पोर आहे, फाटकाच्या गजांतून हात बाहेर काढून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावतं. पहिल्या संध्याकाळी त्याची आई आत ओढून नेत होती, तेव्हा आजी ओट्यावरूनच म्हणाल्या, "राहू दे न बाई, पाहू दे त्याले." दुसऱ्या दिवशी वाटी गेली. तिसऱ्या दिवशी ती धुऊन, पुसून, रिकामी परत आली, सोबत थँक्यू काकू. आजींनी त्याच वाटीत लगेच लोणचं घालून परत पाठवलं. काल ती आई दारात येऊन जरा संकोचून विचारत होती की तिच्या धाकट्यासाठी तान्ह्या पोळ्याला नंदी कुठे मिळेल, बाजारात किती पडेल. मामांनी पेपर खाली ठेवला. विकत कशाला आणता म्हणाले, शिंगवाला आमच्याकडे आहे, झूल यांच्याकडे आहे, चाकाला तेवढं तेल द्यावं लागेल. मग चाकाला तेल कोण देणार यावरून भाऊ आणि मामा भांडायला लागले, आणि ते पोर दोघांच्या मधून निघून सरळ आमच्या स्वयंपाकघरात आलं.